निवृत्तीनंतर छोट्या फाउंड्रींना सल्ला द्यायचा आहे: पेन्शन किती, फी किती, सुरुवात कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९८९ च्या बॅचचे मेटलर्जी इंजिनिअर, पुण्याजवळच्या एका मोठ्या कास्टिंग (धातूच्या ओतकामाच्या) कारखान्यात ३१ वर्षं, शेवटचं पद क्वालिटीचे जनरल मॅनेजर. जूनअखेर ५८ पूर्ण होऊन निवृत्ती. गाव कोल्हापूर, तिकडेच परत जायचंय. बॅचच्या ग्रुपवर एक मित्र सांगतो की कन्सल्टन्सीत पगाराहून जास्त सुटतात, दुसरा म्हणतो की छोटे कारखानदार चहा पाजतात, पैसे देत नाहीत. खरं काय? फी किती सांगावी, जीएसटी लागेल का, आणि पेन्शन किती बसेल?

दोन्ही मित्र खरं सांगताहेत, फक्त वेगवेगळं काम विकताहेत. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या छोट्या फाउंड्रीत मालक तुमचं पद विकत घेत नाही. कार्डावर ‘माजी जनरल मॅनेजर’ वाचून तो खुर्ची देईल, चहा सांगेल, तासभर बोलेल. पैसे तो एकाच गोष्टीचे देतो: भंगाराच्या ढिगात परत जाणारं कास्टिंग कमी झालं का. तेव्हा ‘मी कन्सल्टंट होऊ का’ हा प्रश्न बाजूला ठेवा. तुमच्या ३१ वर्षांतला कोणता एक तुकडा असा आहे, की ज्याचा परिणाम दुसऱ्याच्या वहीत तीन महिन्यांत आकड्याने दिसेल? तो सापडला की फी, करार, कर हे सगळं बसवता येतं.

आधी पेन्शन, कारण महिन्याचं ठरलेलं उत्पन्न किती यावर कामाची घाई किती ते ठरतं. ईपीएस-९५, म्हणजे पीएफबरोबरची कर्मचारी पेन्शन योजना, हिच्याबद्दल इंजिनिअर लोकांचा मोठा गैरसमज असतो. पगार दीड-दोन लाख असला तरी पेन्शन त्या पगारावर मोजत नाहीत. १ सप्टेंबर २०१४ पासून मर्यादा १५,००० रुपये आहे, त्याआधी ६,५०० होती. सूत्र सरळ आहे: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. तुमच्या बाबतीत १६ नोव्हेंबर १९९५ ते ऑगस्ट २०१४ ही पावणेएकोणीस वर्षं ६,५०० वर मोजली, तर साधारण १,७५० रुपये. पुढची पावणेबारा वर्षं १५,००० वर, म्हणजे अडीच हजारांच्या आसपास. २० वर्षांहून जास्त सेवेबद्दल दोन वर्षांचा बोनस मिळतो. १९९५ आधीच्या सेवेचा छोटा लाभ वेगळा. सगळं मिळून साडेचार-पाच हजार. जास्त पेन्शनसाठीचा (मर्यादेऐवजी खऱ्या पगारावर मोजण्याचा) संयुक्त पर्याय तुम्ही ११ जुलै २०२३ च्या मुदतीत भरला असेल तर हे गणित पूर्ण बदलतं. नसेल भरला तर ती खिडकी बंद झाली आहे. पेन्शन ५८ ऐवजी ६० पर्यंत पुढे ढकलली तर दर वर्षाला ४ टक्के वाढते, पण साडेचार हजारांवर ४ टक्के म्हणजे महिना १८० रुपये. त्यासाठी दोन वर्षांची पेन्शन सोडणं मला पटत नाही.

ग्रॅच्युइटी: शेवटचा बेसिक आणि डीए, गुणिले १५/२६, गुणिले वर्षं. बेसिक १,२०,००० धरला तर ३१ वर्षांचे २१ लाख ४६ हजार होतात, पण कायद्याची मर्यादा २० लाखांची आहे. कंपनीने स्वतःहून जास्त दिले तर वरची रक्कम करपात्र. शिल्लक रजेचे पैसे खासगी नोकरदाराला आयुष्यभरात मिळून २५ लाखांपर्यंत करमुक्त आहेत, अर्थात शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी पगाराची वगैरे पोटमर्यादा त्यात आहेच.

पीएफबाबत एक चूक बरेच जण करतात. ‘व्याज चांगलं आहे, राहू दे तिथेच’ म्हणतात. निवृत्तीनंतर ३६ महिने व्याज जमा होतं हे खरं, पण नोकरी संपल्यानंतरच्या काळातलं व्याज करपात्र असतं. त्यातला भाग ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत वळवता येतो. साठी पूर्ण नसली तरी ५५ ते ६० मधल्या निवृत्तांना ती खुली आहे. अट एवढीच की निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायचं, आणि रक्कम त्या लाभांपेक्षा जास्त नको. कमाल ३० लाख, व्याज सध्या ८.२ टक्के, म्हणजे दर तिमाहीला ६१,५०० रुपये. हे तीन महिने निघून गेले की साठीपर्यंत थांबावं लागतं. गावी घर लावण्याच्या गडबडीत नेमकी हीच तारीख चुकते.

आता काम. मोठ्या कारखान्यातून आलेला माणूस छोट्या फाउंड्रीत पहिल्या भेटीतच एक चूक करतो. तो काय नाही याची यादी देतो: स्पेक्ट्रोमीटर नाही, सिम्युलेशन नाही, कंट्रोल प्लॅन नाही. मालकाला हे सगळं ठाऊक असतं, आणि ते घ्यायला पैसे नाहीत हेही. पहिल्या दोन भेटींत काहीच सुचवू नका. फक्त मोजा.

मोजायचं काय? पहिली गोष्ट रिजेक्शनचा खरा आकडा. मालक ‘सहा टक्के’ म्हणेल. तो आकडा बहुतेक वेळा फाउंड्रीत फेटलिंगनंतर (कास्टिंग साफ केल्यावर) बाजूला काढलेल्या नगांचा असतो. मशीन शॉपमधून परत आलेलं कास्टिंग त्यात नसतं, कारण ते महिन्या-दीड महिन्याने येतं आणि तोवर वहीचं पान उलटलेलं असतं. रात्रपाळीत खराब निघालेला नग सरळ भट्टीत जातो, तो कुठेच नसतो. शिवाय कुणी नगांवर टक्केवारी काढतो, कुणी वजनावर. दोनशे ग्रॅमचा ब्रॅकेट आणि ४० किलोचं हाउसिंग एकाच टक्केवारीत घातलं की आकड्याला अर्थ राहत नाही. त्यामुळे प्रत्येक नगावर हीट नंबर (भट्टीच्या त्या खेपेचा क्रमांक) किंवा निदान तारीख आणि पाळीची खूण टाकायला लावा. मग परत आलेलं कास्टिंग ते ओतलं त्या दिवसाच्या नावावर लिहा. असं केल्यावर ‘सहा’चे दहा-अकरा होऊ शकतात. हे आधीच मालकाच्या कानावर घालून ठेवा, नाहीतर तुम्ही आल्यावर रिजेक्शन वाढलं असं दिसेल.

दुसरी गोष्ट धातूचा हिशेब: भट्टीत किती टाकला, किती ओतला, चांगलं कास्टिंग किती, रनर-रायझर (साच्यात धातू नेणारे, नंतर तोडून टाकायचे भाग) किती. तिसरी, वितळवलेल्या धातूच्या टनामागे भट्टीची विजेची युनिट्स. इंडक्शन भट्टीत कास्ट आयर्न वितळवायला टनाला साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट्स लागणं नेहमीचं. त्यापेक्षा बरंच जास्त लागत असेल तर धातू तयार होऊनही साचे तयार नसल्याने भट्टी धरून ठेवली जातेय, किंवा झाकण उघडं राहतंय, असं समजायला हरकत नाही. भट्टीच्या मीटरची नोंद आणि मेल्टिंग रजिस्टर या दोन कागदांवर हे निघतं, त्याला उपकरण लागत नाही.

आरपा मशीनवर (वाळू ठोकून-दाबून साचा करणारं मशीन) हिरव्या, म्हणजे ओल्या मातीमिश्रित वाळूत मोल्डिंग करणाऱ्या छोट्या फाउंड्रीत निम्म्याहून अधिक दोष वाळूशी जोडलेले निघतात, असा माझा कामातला अंदाज आहे. त्याची एक सोपी खूण सांगतो. रिजेक्शन तासाप्रमाणे मांडा. सकाळच्या साच्यांत दोष कमी आणि दुपारनंतर ब्लो होल (वायूच्या पोकळ्या), वाळू पडणं, स्कॅब (पृष्ठभागावरचे खपले) वाढत जात असेल तर वाळू गरम परत येतेय. कारण असं: हॉपर लहान, वाळू एकूणच कमी, त्यामुळे ओतलेल्या साच्यातली वाळू थंड व्हायच्या आत पुन्हा मिक्सरमध्ये येते. ४५ अंशांच्या वर गेलेली वाळू मिक्सरपासून मशीनपर्यंत जाताना पाणी गमावते. मोल्डर हाताला कोरडी लागते म्हणून वरून पाणी मारतो. ती वाफ गार पॅटर्नवर बसते, वाळू पॅटर्नला चिकटते, साच्याची कड तुटते. मालक बेन्टोनाइट (वाळू बांधणारी माती) बदलतो, मग पुरवठादार बदलतो, दोष तसाच राहतो. उपाय बहुधा स्वस्त असतो: चक्रात वाळू वाढवणं, परतीच्या बेल्टवर पाणी मारून हवा खेळवणं, आणि ओलावा डोळ्याने न ठरवता दर तासाला कॉम्पॅक्टिबिलिटी (वाळू दाबल्यावर किती टक्के बसते ती चाचणी) घेणं. आरपासाठी कॉम्पॅक्टिबिलिटी ४० ते ४८ आणि ओलावा साडेतीन ते चार टक्के या पट्ट्यात सुरुवात करा, मग त्या कारखान्याच्या वाळूप्रमाणे सरकवा. कॉम्पॅक्टिबिलिटी तीच ठेवायला दर आठवड्याला जास्त पाणी लागत असेल तर बारीक मेलेली माती साठतेय, नवी वाळू टाकून जुनी काढायची वेळ झाली.

एसजी आयर्न (मॅग्नेशियम घालून आतल्या ग्रॅफाइटचे गोळे केलेलं ओतीव लोखंड) करणाऱ्यांकडे दुसरं दुखणं असतं: मॅग्नेशियम उतरणं. मॅग्नेशियमच्या ट्रीटमेंटनंतर शेवटचा साचा ओतेपर्यंत किती मिनिटं गेली हे कुणी लिहीत नाही. दहा मिनिटांच्या पुढे गेलं की शेवटच्या साच्यांतले गोळे बिघडायला लागतात. पण नमुना मात्र पहिल्या साच्याच्या वेळी घेतलेला असतो, म्हणून रिपोर्ट छान येतो. नमुना शेवटच्या साच्याबरोबर घ्यायला लावा. आणि मॅग्नेशियमचा मिश्रधातू तराजूवर तोलायला लावा. ‘दीड पाटी’ हे माप असेल आणि लॅडलमधल्या (ओतायच्या भांड्यातल्या) धातूचं वजनही डोळ्याने असेल, तर शिल्लक मॅग्नेशियम ०.०३५ ते ०.०५ टक्क्यांच्या पट्ट्यात राहणं नशिबावर. तुम्हाला हे सगळं पाठ आहे. फरक इतकाच की मोठ्या कारखान्यात हे सांभाळायला वेगळी माणसं होती, इथे मेल्टरला पटवावं लागतं. तो पटला तर काम झालं. मालकासमोर त्याची चूक काढलीत तर तुम्ही गेटबाहेर पडताच सगळं पूर्ववत.

फी. बॅचमधल्या मित्राचा आकडा घेऊ नका, स्वतःचा काढा. महिन्याला प्रत्यक्ष पैसे मिळणारे दिवस आठ-दहाच धरा. बाकीचे प्रवासात, रिपोर्टात, नवीन काम शोधण्यात आणि पैसे मागण्यात जातात. वर्षाला १०० दिवस. तुम्हाला वर्षाला १२ लाख हवे असतील तर दिवसाला १२,०००, प्रवास वेगळा. मग तो आकडा दुसऱ्या बाजूने तपासा: मालकाला परवडतो का? समजा महिन्याला २०० टन ओततो आणि रिजेक्शन १० वरून ६ टक्क्यांवर आलं. ८ टन वाचले. खराब कास्टिंगमधला धातू परत भट्टीत जातो, म्हणून पूर्ण किंमत वाचत नाही. वाचतो तो वीज, वाळू, कोअर, मजुरी यांचा खर्च. किलोमागे २५ रुपये धरले तर महिन्याला दोन लाख. चार भेटींचे ४८ हजार त्यात बसतात. हाच मालक महिन्याला ४० टन ओतत असेल तर वाचतात ४० हजार, आणि तुमची फी त्याहून जास्त. तिथे महिन्याला एक भेट आणि फोन, एवढंच विका किंवा नाही म्हणा. चहावर भागवणारे कारखाने बहुतेक या दुसऱ्या गटातले असतात. त्यात मालकाची नियत वाईट असते असं नाही, गणितच बसत नाही.

‘बचतीतला टक्का घ्या, साहेब’ असं हमखास सुचवलं जाईल. घेऊ नका. चौथ्या महिन्यात ऑर्डरचं मिश्रण बदलतं, सोपे नग येतात, आणि रिजेक्शन कशामुळे उतरलं यावर वाद सुरू होतो. ठरलेली मासिक फी, सहा महिन्यांचा करार, पहिल्या महिन्याची फी आगाऊ. करार दोन पानांचा पुरतो. त्यात मूळ आकडा कसा मोजला ते, कोणत्या नगांवर काम, किती भेटी, भेट ऐनवेळी रद्द झाली तर काय, आणि पैसे किती दिवसांत हे लिहा. टेस्ट सर्टिफिकेटवर सही तुमची नसेल हेही लिहा. ब्रेक, स्टिअरिंगचे भाग करणाऱ्या फाउंड्रीत हे वाक्य गाळू नका.

उद्यम नोंदणी लगेच करा, ती फुकट आहे. सल्लागार म्हणून तुम्ही सूक्ष्म उद्योगात बसता, आणि मग लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत पैसे देणं ग्राहकावर बंधनकारक होतं. उशीर झाला आणि ३१ मार्चला बिल थकीत राहिलं तर त्याला तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा. तुम्ही भांडायची गरज पडत नाही, त्याचा सीएच मार्चमध्ये त्याला आठवण करतो.

जीएसटी: सेवांसाठी वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. बेळगावच्या फाउंड्रीला सेवा दिली, म्हणजे राज्याबाहेर, तरीही सेवांना ही सूट आहे. ‘दुसरं राज्य आलं की नोंदणी सक्तीची’ हा नियम मालाच्या धंद्यावरून लोकांच्या डोक्यात बसलाय. २० लाखांच्या पुढे गेलात तर १८ टक्के लावा, घाबरू नका, ग्राहकाला त्याचं क्रेडिट मिळतं. एका ग्राहकाकडून वर्षाला ५०,००० च्या वर फी गेली की तो १० टक्के टीडीएस कापेल. इंजिनिअरिंग हा यादीतला व्यवसाय असल्याने निम्मी जमा रक्कम उत्पन्न धरून कर भरण्याची सोय तुम्हाला मिळते. मर्यादा ५० लाखांची, रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांची. आगाऊ कर एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत. ही सोय सगळे ४४एडीए म्हणून ओळखतात, पण १ एप्रिल २०२६ पासून नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलतात, त्यामुळे सीएशी बोलताना सोयीचं नाव घ्या, क्रमांक नको. महाराष्ट्रात व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, ६५ पर्यंत.

दोन गोष्टींपासून लांब राहा. पहिली, पुरवठादारांचं कमिशन. बेन्टोनाइट, इनॉक्युलंट, रेझिनवाले पहिल्या महिन्यातच येतील आणि टनामागे काहीतरी देऊ करतील. घेतलंत तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात संध्याकाळपर्यंत कळतं, आणि त्यानंतर तुमच्या कुठल्याही सूचनेमागे ‘याला किती मिळाले’ हा प्रश्न येतो. दुसरी, भागीदारी. ‘डोकं तुमचं, जागा आमची, पीएफमधले थोडे घाला’ असं नात्यातलं कुणी म्हणेल. फाउंड्रीत खेळतं भांडवल किती अडकतं हे क्वालिटीत आयुष्य गेलेल्या माणसाने पाहिलेलं नसतं. ग्राहक ९० दिवसांनी पैसे देतो, भंगारवाला रोख मागतो, वीजबिल दर महिन्याला येतं. सल्ला द्या, पैसे घालू नका.

जुन्या कंपनीने ‘वर्षभर रिटेनरवर थांबा’ म्हटलं तर? पैशाची गरज असेल तर थांबा, पण एका वर्षाहून जास्त नको. जुनं केबिन आणि जुना मेल आयडी असेपर्यंत बाहेरचं काम उभं राहत नाही. नियुक्तीपत्रातली स्पर्धाबंदीची अटही वाचा. नोकरी संपल्यानंतर दुसरीकडे काम करण्याची बंदी भारतीय करार कायद्याच्या कलम २७ खाली सहसा टिकत नाही. गोपनीयता मात्र टिकते. गेटिंगची (साच्यात धातू नेण्याच्या वाटांची) ड्रॉइंग, ग्राहकाचे दर, प्रोसेस शीट पेनड्राइव्हवर आणू नका. डोक्यातलं तुमचं, फाइलमधलं त्यांचं.

काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगतो. मुलांची शिक्षणं, घराचे हप्ते संपलेत का? गुडघे साथ देतात का, कारण हे काम टेबलावर होत नाही, भट्टीपासून शेकआउटपर्यंत (साचे फोडण्याच्या जागेपर्यंत) दिवसभर उभं राहावं लागतं. आणि तुम्ही शेवटची दहा वर्षं खरोखर शॉप फ्लोअरवर होता की ऑडिट आणि प्रेझेंटेशनमध्ये? दुसरं उत्तर असेल तर फाउंड्री सोडून ग्राहक कंपन्यांसाठी पुरवठादार ऑडिट करणं तुम्हाला जास्त जमेल. त्यात दिवसाचे पैसे बरे आणि वाळूत हात घालावा लागत नाही. मालक तिथे तुम्हाला वेगळ्या नजरेने बघतो, हे मात्र धरून चाला.

निवृत्तीच्या दिवसाआधी उरकायची कामं आहेत. पीएफ, आधार, पॅन आणि बँक या चारही ठिकाणी नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का ते आत्ताच पाहा. नोकरी सुरू असताना एचआरच्या सहीने दुरुस्ती पंधरवड्यात होऊ शकते, नंतर त्याच सहीसाठी पुण्याला खेपा. आधीच्या नोकरीचा पीएफ ट्रान्सफर झाला तेव्हा पेन्शनची सेवाही आली का ते तपासा, पैसे आलेले असतात आणि वर्षं राहिलेली असतात. पेन्शनच्या अर्जासाठी, म्हणजे १० डी फॉर्मसाठी, पत्नीबरोबरचे फोटो आणि बँकेचा तपशील काढून ठेवा. ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज दीड-दोन महिने आधी द्या, म्हणजे आधीच्या आजारांसाठी पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळ वाया जात नाही. नव्याने घेतली तर तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो. वेगळी अपघात पॉलिसीही घ्या, भट्टीजवळ उभं राहणाऱ्या पाहुण्याला कारखान्याचा विमा लागू असेलच असं नाही. आणि सेफ्टी शूज, चष्मा स्वतःचे विकत घ्या, कंपनीचे शेवटच्या दिवशी स्टोअरमध्ये जमा होतात.